फुजैराला जानेवारीत ३ मिमीच्या डाइव्हिंगच्या सूटमध्ये काकडले. आता ५ घेऊ की ७?

शारजावाली

नमस्कार मंडळी. मी मूळची पुण्याची, गेली चार वर्षं शारजात आहे. दीड वर्षापूर्वी अंदमानात हॅवलॉकला ओपन वॉटर, म्हणजे स्कूबा डाइव्हिंगचा पहिला कोर्स, केला. तेव्हा पाणी २९ अंश होतं आणि अंगावर भाड्याचा ३ मिमी जाडीचा वेटसूट, म्हणजे पाण्यात ऊब टिकवणारा रबरी सूट. पन्नास मिनिटं झाली तरी वर यावंसं वाटेना. त्यामुळे थंडी हा विषय माझ्या डोक्यातच नव्हता.

गेल्या शनिवारी फुजैराच्या बाजूला, इथल्या पूर्व किनाऱ्यावर गेले होते. सूट भाड्यानेच घेतला. माझ्या मापाचा ३ मिमीचा नव्हता, म्हणून एक माप मोठा मिळाला. "इथे एवढा पुरतो, काही होत नाही," असं सांगितलं गेलं. पाण्यात उतरल्यावर पहिली दहा मिनिटं ठीक गेली. कासव दिसलं, खडकाखाली तोंड घालून काहीतरी कुरतडत होतं. त्यानंतर मात्र प्रत्येक वेळी वळले की मानेतून गार पाण्याची धार पाठीवरून थेट कमरेपर्यंत. विसाव्या मिनिटाला दात रेग्युलेटरवर, म्हणजे तोंडातल्या श्वास घ्यायच्या उपकरणावर, वाजायला लागले, मला स्वतःला तो आवाज ऐकू येत होता. खोली, वेळ आणि तापमान दाखवणाऱ्या डाइव्ह कॉम्प्युटरवर पाणी २२ अंश. खोली फक्त १२ मीटर. अठ्ठाविसाव्या मिनिटाला माझ्या टाकीतल्या हवेचा दाब २०० वरून ७० बारवर आला होता आणि माझ्यामुळे बडीलाही, म्हणजे डाइव्हमधल्या जोडीदारालाही, वर यावं लागलं. त्याने काही म्हटलं नाही, पण मला फार वाईट वाटलं. दुसरी डाइव्ह मी केलीच नाही, बोटीवर टॉवेल गुंडाळून बसून राहिले.

आता स्वतःचा सूट घ्यायचं ठरवलंय. बजेट एकाच सूटचं आहे. पुढचा बेत असा: मार्चपर्यंत पंधरा दिवसांनी एकदा फुजैरा, ऑगस्टमध्ये मस्कतजवळची दायमानियात बेटं, आणि डिसेंबरमध्ये घरी आले की धाकट्या भावाला घेऊन मालवण. आइसलंडची सिल्फ्राची भेग बघायचं फार मनात आहे, पण ते पुढचं पुढे.

माझं वजन ५४ किलो, उंची पाच फूट दोन इंच, आणि मला मुळातच थंडी जास्त वाजते, ऑफिसात एसीखालीही शाल लागते. ३, ५ की ७? दुकानातला तक्ता म्हणतो २२ ला ५ मिमी, नेटवर दुसरा तक्ता म्हणतो ७. ऑगस्टमध्ये ओमानचं पाणी तर ३० च्या वर असतं म्हणे, मग तिथे ५ घालून मी शिजणार का?

लेस्टरवासी

ताई, मी इंग्लंडात स्टोनी कोव्ह नावाच्या पाणी भरलेल्या जुन्या दगडखाणीत डाइव्ह करतो. हिवाळ्यात तिथे ५-६ अंश असतं. उन्हाळ्यात वर १८-१९ दिसलं तरी खाली गेलं की हाडं गोठतात. इथे आठ वर्षं काढल्यावर माझं मत एकच, जाड घ्या. ७ मिमीचा सेमी-ड्राय घ्या, मनगट-घोट्याला घट्ट सील असलेला. गरम झालं तर मानेशी ओढून थोडं पाणी आत घेता येतं, पण थंडी वाजली तर खाली काहीच करता येत नाही.

सिल्फ्राचं विचारलंत म्हणून सांगतो. तिथलं पाणी हिमनदीचं, बाराही महिने २ ते ४ अंश. तिथे वेटसूटचा प्रश्नच येत नाही, ड्रायसूटच, म्हणजे आत पाणी शिरूच न देणारा सूट लागतो आणि त्यात डाइव्ह करायचा अनुभव आधी असावा लागतो. तेव्हा हा सूट घेताना सिल्फ्रा डोक्यातून काढून टाका.

देवबागकर

ताई, मी मालवणजवळच्या देवबागचा. अकरा वर्षं पाहुण्यांना डाइव्हला न्यायचं काम करतोय, त्यातली शेवटची सहा मस्कतला. तुमची पोस्ट दोनदा वाचली. लेस्टरवाल्या दादांचं पाणी वेगळं आणि तुमचं वेगळं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी शनिवारचं बघू. तुम्ही ३ मिमीत काकडलात हे खरं, पण निम्मा दोष जाडीचा नाही, मापाचा आहे. मानेतून धार कमरेपर्यंत जात होती म्हणताय ना, तिथेच सगळं कळतं. निओप्रीन म्हणजे बुडबुडे भरलेलं रबर. ऊब त्या बुडबुड्यांतल्या वायूमुळे टिकते. सूटच्या आत शिरलेलं पाणी आपल्याला गरम ठेवतं असं सर्रास सांगितलं जातं, ते उलटं आहे. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात ह्यू ब्रॅडनर नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने वेटसूट बनवला, त्याची कल्पनाच ही होती की कापडात बुडबुडे असले तर आत थोडं पाणी शिरलं तरी चालतं. चालतं, म्हणजे ते जागच्या जागी राहिलं तर. तुमच्या ढगळ सूटमध्ये ते दर मिनिटाला बदलत होतं आणि प्रत्येक वेळी तुमच्या शरीराला नवं २२ अंशांचं पाणी तापवावं लागत होतं. पाणी हवेपेक्षा वीस-पंचवीस पट वेगाने उष्णता ओढून नेतं. ५४ किलोच्या माणसाकडे मुळात द्यायला उष्णता किती असणार?

त्यात भाड्याचा सूट. शेकडो वेळा खाली जाऊन आलेलं निओप्रीन दबून दबून पातळ होतं आणि पुन्हा फुगत नाही. बाहेर ३ छापलेलं असलं तरी कोपर आणि गुडघ्याशी चिमटीत धरून बघा, कळेल. तुमची हवा एवढी लवकर का संपली त्याचंही उत्तर यातच आहे. अंग थरथरायला लागलं की स्नायू काम करतात, कामाला हवा लागते.

आता तक्त्यांचं. ते चुकीचे नाहीत. साधारण २९ च्या वर नुसता रॅश गार्ड, म्हणजे पातळ अंगाबरोबरचा सदरा, किंवा आखूड सूट, २६ ते २९ ला ३ मिमी, २२ ते २६ ला ५, १८ ते २२ ला ७, आणि १५ च्या खाली ड्रायसूटचा विचार, असं आम्हीही सांगतो. पण हे आकडे मधल्या बांध्याच्या, व्यवस्थित जेवलेल्या, दिवसाची पहिली डाइव्ह करणाऱ्या माणसाचे आहेत. तुम्हाला ऑफिसात शाल लागते, म्हणजे तुम्ही तक्त्यात एक घर खाली, जाडीकडे सरकायचं.

आणि तक्त्यात जो आकडा घालायचा तो कुठला? इथेच सगळे चुकतात, मीही चुकलो होतो. मस्कतचा माझा पहिला ऑगस्ट. बोटीवर ३९ अंश, बसायची फळी हाताला चटका देत होती. वरचं पाणी ३१. मी अंदमानातून आणलेला जुना ३ मिमी घातला होता. पहिल्या दोन डाइव्ह दहा मीटरच्या वरच झाल्या, मजेत. तिसरीला दायमानियातच एका उतारावरून खाली गेलो आणि चौदा मीटरच्या आसपास समोरचं पाणी एकदम थरथरताना दिसलं. साखरेचा पाक पाण्यात ओतला की कशा रेषा हलतात, अगदी तसं. मासे पलीकडे होते पण त्यांच्या कडा दिसेनात. तीच थर्मोक्लाइन, कोमट आणि गार पाण्याच्या थरांमधली सीमा. हात पुढे होता, तो आधी पलीकडे गेला आणि बोटं गारठली, तोंड अजून कोमट पाण्यातच होतं. अर्ध्या मीटरच्या आत कॉम्प्युटर ३१ वरून घसरायला लागला तो २३ वर जाऊन थांबला. माझ्यामागे चार पाहुणे होते, त्यांना तिथून वर घेण्याऐवजी मी पंचवीस मिनिटं तसाच फिरवत राहिलो. वर आलो तेव्हा बीसीडीचं, म्हणजे तरंगणं सांभाळायला हवा भरतात त्या जाकिटाचं, पोटावरचं बकल मला उघडता येईना, बोटांत जोरच नव्हता. एका पाहुण्या बाईंचे ओठ निळसर झाले होते. ३९ अंशांच्या उन्हात त्या बाई अर्धा तास कापत होत्या. ते चित्र अजून डोळ्यांसमोर आहे. त्या दिवसापासून मी बोटीवर पहिला प्रश्न हाच विचारतो की तळाशी किती आहे. वरचं कोणीही सांगतं.

हे पाणी कुठून येतं तेही सांगतो, कारण ते आपल्या घरचंच आहे. जो नैऋत्येचा वारा जून-जुलैत आमच्या देवबागच्या दारात पाऊस आणतो, तोच वारा ओमानच्या दक्षिण किनाऱ्याला घासून जातो आणि तिथलं वरचं तापलेलं पाणी बाहेर ढकलतो. त्या रिकाम्या जागी खालचं गार पाणी वर येतं. धोफारला भर उन्हाळ्यात समुद्र विशीच्या घरात असतो. मस्कतकडे तेवढं वर येत नाही, गार थर खाली दबा धरून राहतो. कधी आठ मीटरला भेटेल, कधी अठरा. व्हेल शार्कचा हंगामही नेमका तेव्हाच असतो, त्यामुळे सगळ्यांना ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच यायचं असतं.

म्हणून माझं सांगणं: ५ मिमीचा फुल सूट घ्या, पण तुमच्या अंगाला चिकटून बसणारा. आणि उरलेल्या पैशांत टोपी जोडलेली २ किंवा ३ मिमीची बंडी, जिला हूडेड व्हेस्ट म्हणतात, ती घ्या. फुजैराला दोन्ही घाला, छाती-पोटावर ७-८ मिमी झालं, डोकं आणि मान झाकली, आणि मानेतली ती धार बंद. थंडीत हातापायांच्या शिरा आकसतात आणि रक्त आत वळतं, डोक्याला तशी सोय नाही, ते उष्णता देतच राहतं. म्हणून हूडचा उपयोग त्याच्या किमतीच्या मानाने फार मोठा. ऑगस्टमध्ये ५ मिमी घाला, बंडी बोटीवर सोबत ठेवा आणि दिवसाच्या शेवटच्या डाइव्हला चढवा. मालवणला मात्र डिसेंबरात २६-२७ असतं आणि तुम्ही भावासोबत आठ-दहा मीटरलाच असाल, तिथे भाड्याचा ३ मिमी पुरे.

लेस्टरवाले दादा, ७ मिमी ताईंना नको असं मी म्हणतो ते दोन कारणांनी. एक, जाड सूट फार तरंगतो, म्हणून ५४ किलोच्या अंगावर ७ मिमी म्हणजे खाली जायला आठ-नऊ किलो शिसं कमरेला. ते घेऊन बोटीच्या शिडीवर चढताना माणूस पडतो. दुसरं म्हणजे ऑगस्टमध्ये बोटीवर ७ मिमी चढवून दहा मिनिटं उभं राहिलं तर पाण्यात उतरायच्या आधीच उष्माघाताची वेळ येईल.

लेस्टरवासी

पटलं. शिशाचा विचार मी केला नव्हता, मी स्वतः ९२ किलोचा. आणि आमच्याकडे बोटीवर कोणी तापत नाही.

समुद्रमेथी

माप कसं बघायचं ते कोणीच लिहिलं नाही, म्हणून मी लिहिते. मी मेलबर्नला असते, इथे पोर्ट फिलिप उपसागरात हिवाळ्यात ११-१२ अंशांत ७ मिमी आणि हूड घालून उतरते. आजवर तीन सूट घेतले, पहिले दोन चुकले.

दुकानात कोरड्या अंगाने सूट चढवायला किमान दहा मिनिटं लागली पाहिजेत. पटकन गेला तर मोठा आहे. पायाला प्लास्टिकची पिशवी घाला, मग पाय सरकतो आणि नखांनी ओढावं लागत नाही. नखं टोचली की निओप्रीन फाटतं, बोटांच्या पोटांनी चिमटीत धरून थोडं थोडं वर सरकवायचं. आधी जांघेत पूर्ण बसवा, नाहीतर वर खांदे कमी पडतात आणि आपल्याला वाटतं सूट लहान आहे.

चेन लावल्यावर आरशासमोर पाठ करून उभ्या राहा आणि कमरेच्या वरच्या खळग्यात हात दाबा. बायकांच्या सूटमध्ये फसवणूक नेमकी तिथे होते. तिथे पोकळी असली, दाबल्यावर "फस्स" करून हवा निघाली, तर पाण्यात तिथे अर्धा लिटर पाणी साठणार आणि प्रत्येक हालचालीला आतबाहेर होणार. काखेतही तसंच बघा. मग उकिडवं बसा, दोन्ही हात वर करा, हाताने स्वतःला मिठी मारा. मान आवळली पाहिजे पण गिळताना त्रास होता कामा नये. मान फार आवळली तर चक्कर येते, त्यात तडजोड करू नका. खोल श्वास पूर्ण घेता आला पाहिजे.

पुरुषांच्या मापातला लहान सूट "चालेल" म्हणून कोणी देऊ केला तर घेऊ नका. आपल्या बांध्याला कमरेत आणि छातीत तो बसतच नाही. माझा पहिला सूट तोच होता, ७ मिमी असूनही मी ५ मिमी घातलेल्या मैत्रिणीपेक्षा जास्त गारठायचे.

शारजावाली

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. देवबागकर दादा, त्या साखरेच्या पाकाच्या रेषा मी फुजैरालाही बघितल्या होत्या आणि मला वाटलं होतं माझा मास्क खराब झालाय! दोन शंका. शिसं किती वाढवू? ३ मिमीत माझं ४ किलो होतं. आणि सूट खाली गेल्यावर पातळ होतो असं वाचलं, मग ५ मिमीचे तळाशी किती उरतात?

देवबागकर

बरोबर वाचलंत. दहा मीटरला दाब दुप्पट, वीसला तिप्पट, तीसला चौपट. बुडबुडे त्या प्रमाणात आकसतात, रबर तेवढंच राहतं. वीस मीटरला तुमच्या ५ मिमीतलं निम्म्याच्या आसपास उरलं समजा. म्हणजे जिथे पाणी सगळ्यात गार तिथेच सूट सगळ्यात पातळ. फुजैराला इंचकेप-१ हे बुडवलेलं जहाज तीस मीटरच्या आसपास आहे, तिथे जाल तेव्हा हे लक्षात ठेवा. तळाचा वेळ कमी ठेवा आणि उरलेली डाइव्ह वर उथळात करा.

तरंगण्याचाही हिशेब त्यातच आला. वर सूट फुगलेला, म्हणून शिसं जास्त लागतं. खाली सूट दबला की तेच शिसं जड होतं आणि बीसीडीत हवा भरावी लागते. वर येताना उलट, सूट फुगत जातो आणि शेवटच्या पाच मीटरला माणूस फुग्यासारखा वर सुटू शकतो. नवा जाड सूट घेतलेल्यांचं सेफ्टी स्टॉपवरचं, म्हणजे वर येण्याआधीच्या पाच मीटरजवळच्या थांब्यावरचं, नियंत्रण सुटतं ते बहुधा यामुळेच.

तुम्ही ६ किलोने सुरुवात करा, बंडी घातली तर ७. नवं निओप्रीन फार तरंगतं. पण माझ्या आकड्यावर जाऊ नका, पाण्यात तपासा. डाइव्हच्या शेवटी, टाकीत ५० बार उरलेले असताना, बीसीडी पूर्ण रिकामी करून सरळ उभ्या राहा आणि नेहमीसारखा श्वास धरा. पाणी डोळ्यांच्या पातळीवर आलं आणि श्वास सोडल्यावर सावकाश खाली गेलात तर वजन बरोबर. शेवटी का, तर अकरा लिटरच्या अॅल्युमिनियम टाकीतली हवा वापरून संपत आली की टाकी जवळजवळ दोन किलो हलकी झालेली असते. सुरुवातीला बरोबर वाटलेलं वजन शेवटी कमी पडतं.

आणखी एक. तुम्ही टॉवेल गुंडाळून बसलात म्हणालात. आमच्याकडे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायला पहाटे लोक छातीभर पाण्यात उतरतात. लहानपणी बाबांबरोबर जायचो तेव्हा कळलं की डिसेंबरात थंडी पाण्यात वाजत नाही, बाहेर येऊन ओल्या अंगाने वाऱ्यात उभं राहिलं की वाजते. बोटीवर ओला सूट घालून बसणं म्हणजे तेच. दोन डाइव्हच्या मध्ये सूट कमरेपर्यंत उतरवा, अंग कोरडं करा आणि वरून वारा अडवणारं जाकीट घाला. टॉवेल ओला झाला की त्याचा उपयोग संपला. गरम पाणी प्या, खा. आणि शेवटी शेवटी गारठलेल्या डाइव्हनंतर कॉम्प्युटरच्या मर्यादेपर्यंत ताणू नका. हातापायांत रक्त कमी फिरतं तेव्हा डाइव्हमध्ये अंगात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायलाही वेळ लागतो.

शारजावाली

तीन आठवड्यांनी लिहितेय. सात सूट घालून बघितले, दुकानात दीड तास गेला. समुद्रमेथी ताई, कमरेच्या खळग्याची खूण नसती तर मी दुसराच सूट घेऊन आले असते, दिसायला तो जास्त छान होता. घेतलेला चढवायला मला चौदा मिनिटं लागली. ५ मिमी आणि ३ मिमीची हूडवाली बंडी.

काल पुन्हा तीच जागा, पाणी २१, मागच्यापेक्षा एक अंश कमीच. पाण्यात शिरल्यावर पाठीला थोडा गारवा लागला आणि तो तिथेच थांबला, पुढे सरकलाच नाही. मी धार यायची वाट बघत होते, ती आली नाही. ४८ मिनिटं, वर आले तेव्हा ६५ बार. दुसरी डाइव्हही केली. ७ किलोने शेवटी भुवया पाण्याबाहेर होत्या आणि श्वास सोडल्यावर दगडासारखी खाली गेले नाही, हळूच गेले. हूडमुळे पहिल्यांदा कानांत हवा अडकल्यासारखं झालं, मग कडा जरा उचलून पाणी आत घेतलं तेव्हा कान मोकळे झाले. हे आधी कोणी सांगितलं नव्हतं म्हणून लिहून ठेवते.

देवबागकर

छान झालं. कानांचं मी सांगायला हवं होतं. काही जण हूडला कानाच्या वर तापलेल्या सुईने बारीक भोक पाडतात, त्यातून हवा निघून जाते.

आता तेवढा सूट गोड्या पाण्यात बुचकळून काढा, उलटा करून सावलीत वाळवा, जाड खांद्याच्या हँगरला लावा. गाडीच्या डिकीत चुकूनही ठेवू नका. शारजाचा जून कसा असतो माहीत आहे ना, एका उन्हाळ्यात निओप्रीन कडक होऊन चिरा पडतील. ऑगस्टमध्ये याल तेव्हा तिसऱ्या डाइव्हच्या आधी मला विचारा तळाशी किती आहे, मी सकाळीच बघून ठेवलेलं असेल.